हँगर

गेली बावीस वर्षं मी सातवीच्या पोरांना शिकवत आलोय की १.७५ आणि १¾ ही एकाच संख्येची दोन रूपं आहेत. चुकीचं शिकवलं. सायकलच्या दुनियेत २६ × १.७५ चा टायर वेगळा आणि २६ × १¾ चा वेगळा. पहिला बसतो ५५९ मिलिमीटरच्या रिमवर, दुसरा ५७१ च्या. दशांशाचं दशांशाशी, अपूर्णांकाचं अपूर्णांकाशी; दोन्ही घराण्यांत बेटीव्यवहार नाही. हे मला कळलं तोवर मी पैठण गेटजवळच्या एका दुकानातून नुसतं "सव्वीसचा द्या" म्हणून २६ × १⅜ घेऊन आलो होतो. त्याची रिम आणखी तिसरीच, ५९० ची. माझ्या चाकावर तो मोकळ्या बांगडीसारखा खुळखुळला. परत घेऊन गेलो तर दुकानदार म्हणाला, "सर, सव्वीस मागितला, सव्वीस दिला." गणिताच्या माणसानं यावर काय बोलावं?

सायकल कशी आली तेही सांगतो. डॉक्टरांनी शुगर दाखवून दम दिला आणि त्याच आठवड्यात आमचा एक माजी विद्यार्थी पुण्याला निघाला. त्याची एकवीस गियरची माउंटन बाइक, अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढं सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, साडेसहा हजारांत मला मिळाली. आमच्या संभाजीनगरात डोंगर शोधायला लांब जावं लागत नाही. विद्यापीठामागं गोगाबाबा टेकडी आहे. दौलताबादचा घाट चढून खुलताबादला जाता येतं, आणि अंगात उमेद असेल तर तिथून म्हैसमाळला. (उमेद अजून यायची आहे.) दुरुस्तीचं बजेट महिन्याला पाचशे. हा आकडा हिनं ठरवला, आणि हिचे आकडे माझ्या आकड्यांसारखे दोन रूपांत नसतात.

पंक्चरचं विशेष सांगत नाही. वेड्या बाभळीच्या मुलखात राहणाऱ्याला ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे बघणं आपोआप येतं. पावसात शेताची काळी माती टायर आणि फोर्कच्या मधे अशी गच्च बसते की सायकलवर माणूस बसत नाही, माणसावर सायकल बसते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मात्र कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. अर्धा तास घाम गाळून मी ते सोडवत होतो, म्हणजे अर्धा तास घट्ट करत होतो. आणि हो, डिस्क ब्रेक कुरकुरत होता म्हणून मी त्याला खोबरेल तेल दिलं. हे वाक्य कोणाही सायकलवाल्याला ऐकवून बघा. आधी तो गप्प होईल, मग तुमच्याकडं दयेनं बघेल. नवे पॅड, एकशे ऐंशी रुपये.

चेनचं प्रकरण जरा शास्त्रीय आहे. चेनचा एकेक जोड अर्ध्या इंचाचा, म्हणजे चोवीस जोड बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. शाळेतली स्टीलची पट्टी लावली. बारा इंच आणि वर एक अष्टमांशाहून थोडं जास्तच. एक सोळांश वाढली की चेन काढून टाकायची असते, आणि एक अष्टमांशापर्यंत थांबलं तर बहुतेक वेळा मागच्या चक्रांचे दातेही गेलेले असतात. मला वाटलं, आपण चेनवर निभावू. साडेतीनशेची नवी चेन आणली. सपाटीवर ठीक चालली. चढावर जोर लावला की खट्ट करून दाता सोडायची आणि माझा गुडघा हँडलवर. आमचे मिस्त्री चाचा खाली वाकून बघत म्हणाले, "सर, पुरानी के साथ पुरानीच चलती." दाते झिजून झिजून त्या लांबलेल्या चेनच्या मापाचे झालेले होते. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा अख्खा जुडगा, बदलायचं तर आणखी पाचशे, म्हणजे पुढचा महिना. शेवटी जुनी चेन परत चढवली आणि दोघं म्हातारा-म्हातारी पुन्हा बिनतक्रार नांदू लागले. नवी चेन पिठाच्या डब्याजवळ पिशवीत पडून आहे. हिला अजून किंमत सांगितलेली नाही.

मग गोगाबाबाच्या उतारावर सायकल उजव्या अंगावर पडली. मागच्या चाकाजवळ गियर बदलणारा जो सांगाडा लोंबत असतो, तो डिरेलर. तो फ्रेमला ज्या बोटभर पट्टीवर अडकवलेला असतो, ती हँगर. ती आत वाकली. मोठ्या चक्रावर गियर टाकला की डिरेलर आऱ्यांना घासून टर्रर्र करायचा.

"हँगर लागणार," मी घरी म्हणालो.

"कपाटात डझनभर आहेत, घ्या की."

हँगरचे शेकडो प्रकार असतात. एक भोक की दोन, दोन भोकांतलं अंतर किती, कड गोल की सरळ. ज्या शहराच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातून गाड्यांचे सुटे भाग देशभर जातात, त्या शहरात मी मोबाइलवर एका पट्टीचा फोटो घेऊन दुकानोदुकानी फिरलो, जसं हरवलेल्या माणसाचा फोटो घेऊन फिरतात. "बघितल्यासारखा वाटतो," असंही एक जण म्हणाला. ऑनलाइन मागवला तो हुबेहूब तसाच होता, फक्त भोक दोन मिलिमीटर सरकलेलं.

शेजारचे अण्णा चिकलठाण्यात एका वर्कशॉपला आहेत. त्यांनी वाकडा हँगर हातात घेतला, नखानं खरवडला. "अॅल्युमिनियम? कामून वाकणार न्हाई? सर, टेन्शन घेऊ नका. असा पीस काढून देतो की जन्मात वाकायचा न्हाई." व्हर्नियर लावून त्यांनी माप घेतलं आणि तिसऱ्या दिवशी सहा हँगर आणून दिले. पोलादाचे, काळेभोर, कडा घासून गुळगुळीत. सहा कशाला? "मशीन एकदा लावली की एक काय नि सहा काय." पैसे घेतले नाहीत. त्या महिन्यात पहिल्यांदाच माझं बजेट शिल्लक राहिलं.

ऐटीत चाचांकडं गेलो. त्यांनी पोलादाचा हँगर तळहातावर तोलला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"ये कमजोरच रखते सर. गिरे तो ये मरना, फ्रेम नै मरना."

म्हणजे ती पट्टी लेचीपेची असते ती कंपनीच्या कंजूषपणानं नव्हे. पडल्यावर तिनं वाकायचं, म्हणजे फ्रेम वाचते. अण्णांचा हँगर लावून पडलो असतो तर हँगर शाबूत आणि साडेसहा हजारांच्या सायकलची फ्रेम भंगारात.

मग चाचांनी माझाच जुना हँगर फ्रेमवर ठेवून डिरेलर सोडवला. कोपऱ्यातून एक जुनं चाक ओढलं आणि त्याचा आस हँगरच्या भोकात पिळला. आता माझ्या मागच्या चाकाशेजारी दुसरं चाक उभं. दोन्ही रिममधलं अंतर ते बोटांनी मोजायला लागले. वर चार बोटं, खाली तीन. दुसरं चाक हलकेच दाबलं. पुन्हा बोटं. पुढं चार, मागं साडेतीन. पुन्हा दाबलं. समांतर रेषांमधलं अंतर सगळीकडं सारखं असतं, हे मी दरवर्षी खडूनं फळ्यावर सांगतो. ग्रीसच्या बोटांनी ते सिद्ध होताना पहिल्यांदा बघितलं.

"दो बार सीधा होता. तिसरे बार टूटता," चाचा म्हणाले. पन्नास रुपये. ही पहिली वेळ होती.

अण्णा रोज सकाळी फाटकाशी विचारतात, "काय सर, वाकला का?"

"अजिबात नाही," मी म्हणतो. खोटं काहीच नाही त्यात.

परवा हिनं सुताराला बोलावून सहाच्या सहा पट्ट्या दाराच्या पाठीमागं ओळीनं स्क्रूनं बसवून घेतल्या. एकावर माझं हेल्मेट, एकावर रेनकोट, दोन छत्र्या, शाळेची पिशवी आणि शेवटी बटाट्यांची गोणी. संध्याकाळी अण्णा चहाला आले. दार लोटलं आणि त्यांना ओळ दिसली. मी कप धरून तसाच थांबलो. अण्णांनी बटाट्यांची गोणी खालून दोन्ही हातांनी धरली, सगळा भार टाकून एक हिसका दिला आणि माझ्याकडं वळून म्हणाले,

"म्हणलं नव्हतं?"