हमीदचा चिमटा

प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेवरचा लेख आवडला, पण ईदच्या जत्रेत खेळणी-मिठाई सोडून आजीसाठी चिमटा घेणाऱ्या हमीदने ‘बालपणाचा त्याग केला’ हे त्यातलं म्हणणं मला पटत नाही. चार-पाच वर्षांचं ते पोर. खिशात फक्त तीन पैसे. त्याचा मित्र मोहसिन रेवडी पुढे करतो नि ऐन वेळी स्वतःच्या तोंडात टाकतो, तेव्हा हमीदला राग येतो, जीभही चाळवते. चिमटा घेतल्यावर तो खांद्यावर बंदुकीसारखा टाकून मिरवतो, मित्रांच्या खेळण्यांशी हुज्जत घालून जिंकतो. हे सगळं मूलपणच आहे! त्याने एवढंच केलं, की तव्यावरून पोळी काढताना आजीची बोटं भाजतात हे त्याला जत्रेतही आठवलं. सहा पैसे सांगणाऱ्या दुकानदाराला तीन पैसे विचारताना त्याची छाती किती धडधडली असेल!

माझी आजी चुलीवरची भाकरी हातानेच उलटायची. बोटांची टोकं काळी, राठ झालेली. मी रोज समोर बसून जेवायचो, पण ती बोटं कधी पाहिलीच नाहीत. म्हणून हमीदची आजी अमीना चिमटा पाहून आधी रागावते, पोर दुपारपर्यंत उपाशी राहिलं म्हणून कळवळते आणि मग लहान मुलीसारखी रडते, तिथे मला पुढे वाचवत नाही.