सरासरी बारा टक्के

रात्री सव्वादहाला मॅनेजरचा फोन. "अरे, कॉलमध्ये आवाज तुटतोय. इकडून 'हॅलो' म्हटलं की पलीकडे नुसतं 'लो' पोचतं. सर्व्हर तर निवांत आहे, सीपीयू फक्त बारा टक्के!" पिठलं-भात तसाच झाकून मी लॅपटॉप उघडला.

नेटवर्कवाला म्हणाला, वायर अर्धीसुद्धा भरलेली नाही. तेही खरंच होतं. पण आवाजाचं पॅकेट म्हणजे १६० बाइटचा चिमुकला ऐवज, दर २० मिलिसेकंदांनी एक. कॉल दोघांचा, म्हणजे सर्व्हरकडे सेकंदाला १०० पॅकेट. २,००० कॉल म्हणजे २ लाख. वायर वजन मोजते; कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, नग मोजतो. शेंगदाण्याचं पोतं ट्रकमधून उतरवणं वेगळं आणि एकेका शेंगदाण्याची पोचपावती फाडणं वेगळं.

उत्साहाच्या भरात आधी टीसीपीडंप (येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट टिपणारं साधन) लावला. आवाज आणखी तुटला. लोकलच्या डब्यात किती गर्दी आहे हे मोजायला आपणही आत घुसावं, तसं झालं. मुकाट्याने बंद केला.

मग नेटवर्क कार्डाची आकडेवारी काढली. गळलेल्या पॅकेटांचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता. कार्डाची रिंग, म्हणजे कर्नेल उचलेपर्यंत पॅकेटं थांबतात ती प्रतीक्षाखोली, २५६ जागांची. कर्नेलचं लक्ष जरा हललं की सव्वा मिलिसेकंदात भरून वाहायला लागते. ४०९६ केली. २० मिलिसेकंदांची उधारी मिळाली, तीही लगेच संपली.

शेवटी एमपीस्टॅट या सीपीयूचं काम मोजणाऱ्या साधनाला प्रत्येक कोर (सीपीयूचा एकेक कामकरी भाग) वेगळा दाखवायला सांगितलं आणि घरचं लग्न आठवलं. पंगतीला आठ वाढपी. एकटा बंडूकाका जिलबीचं ताट घेऊन घामाघूम, बाकीचे सात मांडवाच्या खांबाला टेकून. शून्य क्रमांकाचा कोर सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे आलेली पॅकेटं उचलण्याच्या कामात, शंभर टक्के बुडालेला, उरलेले सात रिकामे. शंभर भागिले आठ, साडेबारा! मॅनेजरच्या आलेखातला तो निवांतपणा तो हाच.

कर्नेल बिचारा शहाणा आहे. गणपतीत आमची आई दर मिनिटाला बेल वाजते म्हणून दार उघडंच टाकते आणि मोदक वळता वळता अधूनमधून डोकावते. गर्दी झाली की नॅपी ही कर्नेलची पॅकेटं उचलायची पद्धतही तेच करते: इंटरप्ट, म्हणजे कार्डाची बेल, बंद, स्वतः जाऊन बघणं चालू. पण दारच एक असेल तर आई तरी काय करणार? कार्डाची सेटिंग दाखवणाऱ्या इथटूलने सांगितलं, कार्डाला रांगा, म्हणजे दारं, ८ शक्य, चालू १. का, ते विचारू नका. आमच्याकडे 'चालतंय ना, हात लावू नको' हे लेखी धोरण नसलं तरी ते सर्वांत कडक पाळलं जातं.

८ केल्या. कार्डाने क्षणभर लिंकच सोडली, माझं टर्मिनल गोठलं आणि तेवढ्या तीन सेकंदांत मी जेजुरीला दोन नवस बोललो. स्क्रीन परत हलली. आठही कोर कामाला लागलेले, गळती थांबलेली, 'हॅलो' अख्खा पोचलेला.

पुन्हा फोन. "अरे, काय केलंस? बाराचे पंधरा टक्के झाले. लोड वाढवलास की!"