'चहावेडा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार चहावेडा,

'घरच्या घरी बबल टी' या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच लिहायला बसले होते, पण नवरा म्हणाला, आधी झोप. दोन रात्री झोपले. राग आहे तिथेच आहे, म्हणून आता लिहिते.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमच्या तक्रारी इथे देते. बबल टी म्हणजे तैवानचा दुधाचा गार चहा, त्याच्या तळाशी टॅपिओकाच्या पिठाच्या शिजवलेल्या गोळ्या, त्यांनाच मोती म्हणतात. लेखात मी टॅपिओकाच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पिठात 'गरम पाणी' घालायला सांगितलं. तुम्ही तसं केलंत आणि गोळ्या पातेल्यात विरघळून कपड्यांना घालायची खळ झाली. मापं वाट्यांत दिली, ग्रॅममध्ये हवी होती. उरलेले मोती फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं, ते सकाळी खडूसारखे झाले. घरातली आसाम चहापत्ती चालेल म्हटलं, ती तुमच्या मते चालत नाही. बबल टी तैवानच्या ताईचुंग शहराचाच असं ठोकून दिलं, त्यावर वाद आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "ताई, इंटरनेटवर चार व्हिडिओ बघून 'अस्सल तैवानी' लिहिण्याआधी थोडा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं."

चार व्हिडिओ!

आणि वर 'ताई'. हे एक बरं असतं. आधी ताई म्हणायचं, मग काय वाट्टेल ते बोलायला मोकळे.

तर ऐका. २०१३ ते २०१६ मी तैवानात शिंचूला राहत होते. नवरा तिथे चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. शिंचूच्या सायन्स पार्कमुळे तिथे भारतीय बरेच, त्यात आपली मराठी घरंही होती, गणपतीत एकमेकांकडे जायचो. आमच्या इमारतीच्या खालीच चहाचं एक दुकान होतं. एक काउंटर, आत एक मालकीणबाई आणि मदतीला दोन मुली. चिनीत मी पहिल्यांदा जे धड बोलायला शिकले ते 'धन्यवाद' नव्हतं, 'बान थांग, शाओ बिंग' होतं. साखर निम्मी, बर्फ कमी. हे चार व्हिडिओंत ऐकायला मिळेलही, पण रांगेत मागे दहा जण उभे असताना चुकीच्या सुरात म्हणून दाखवा एकदा.

त्या बाईंनी मला एका दुपारी काउंटरच्या आत घेतलं. केवढं तरी मोठं पातेलं, पाणी खळखळ उकळतंय, त्यात मोती सोडले की त्या तळापासून झारा फिरवत राहायच्या. मोती वर तरंगले की मला वाटायचं झालं. त्या मान हलवायच्या. अर्धा तास शिजवून गॅस बंद, वर झाकण, आणि पुन्हा अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. मग चाळणीत ओतून गार पाण्याखाली धरायचे आणि लगेच काळ्या साखरेच्या पाकात. पाकातून एक मोती चमच्यावर घेऊन त्यांनी माझ्या तोंडापुढे धरला आणि विचारलं, "क्यू क्यू?" म्हणजे दाताखाली दबून परत वर येतोय का. याला मराठीत शब्द सापडत नाही. 'चिवट' म्हटलं तर शिळी पोळी आठवते.

चार तासांनी पातेल्यात जे उरेल ते सरळ बादलीत. मी डोळ्यांनी बघितलंय, आणि काल रात्रीच्या पोळ्यांचा चुरमा करणाऱ्या घरात वाढलेल्या माझ्या जिवाला ते किती लागलं ते मलाच ठाऊक.

तेव्हा फ्रिजचं तुमचं बरोबर. मान्य करते, मला काही कमीपणा नाही त्यात. शिजून फुगलेला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट आवळून बसतो, मोती आतून पांढरा आणि भुसभुशीत होतो. फ्रिजमधला भात कडक होतो ते यामुळेच. लेखातली ती ओळ मी काढली. फेकवत नाही म्हणून हात लिहून गेला असेल.

आता पाण्याबद्दल. अहो, गरम पाणी म्हणजे आधणाचं पाणी, हे मराठी घरात वेगळं सांगावं लागतं? मोदकाची उकड काढताना आपण काय करतो? आधण आलं की पिठी वैरतो. कोमट पाण्यात तांदळाची पिठी कालवून कोणी मोदकाची पारी करायला बसतं का? तुमच्याकडे मोदक विकत आणत असतील तर त्याला मी काय करणार. इथेही तेच आहे. गूळ घातलेलं पाणी खळखळ उकळत असताना थोड्या पिठावर ओतलं की तेवढं पीठ शिजून चिकट होतं आणि बाकीच्या कच्च्या पिठाला धरून ठेवतं. पाणी जरा निवलं की पकड गेली. मग तो गोळा मुठीत दाबला तर दगडासारखा घट्ट लागतो आणि मूठ उघडली की बोटांतून ओघळतो. असा गोळा झाला की ओळखायचं, पाणी कमी तापलं होतं. हे मला कसं माहीत? माझंही पहिल्या खेपेला तेच झालं. शिंचूच्या त्या वीतभर ओट्यावर मी पाऊण तास गोळ्या वळल्या, उकळत्या पाण्यात सोडल्या आणि दोन मिनिटांत तपकिरी खळ झाली. पण मी कोणाला टोमणे मारले नाहीत. पातेलं घासलं आणि खाली जाऊन बाईंना विचारलं.

चहापत्तीचं तर हसूच आलं. तैवानात सन मून लेकच्या काठावर जो काळा चहा पिकतो तो जपानी राजवटीत आसामातून नेलेल्या चहापासून वाढवलेला आहे. तुम्ही अस्सलच्या गोष्टी करता आणि आसामला नाक मुरडता! आपली सीटीसी, म्हणजे दाणेदार पत्ती, लवकर कडू उतरते एवढंच, म्हणून ती उकळायची नाही. उकळत्या पाण्यात घालून झाकायची, तीन-चार मिनिटांत गाळायची. आलं नको, वेलची तर नकोच. गाळल्यावर बर्फ आणि दूध घालून घट्ट झाकणाच्या बाटलीत जोरात हलवायची. 'बबल' हे नाव वर येणाऱ्या त्या फेसावरून पडलं असं तिथे सांगतात, तळाच्या मोत्यांवरून नव्हे. याबद्दल तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणजे लेख पुरता वाचला नाहीत.

ताईचुंगचं म्हणाल तर ताईचुंगचं चुन शुई थांग आणि ताइनान शहरातलं हानलिन, या दोन्ही चहाच्या दुकानांचा दावा आहे की हे पेय आम्ही काढलं. दहा वर्षं खटला चालला. २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की हे पेय कोणीही करू शकतं, आधी कोणी केलं हे ठरवायची गरज नाही. कोर्टाने सोडून दिलं, तुम्हीही सोडा.

ग्रॅमचा हट्टच असेल तर घ्या: १०० ग्रॅम टॅपिओका पीठ, ६० मिलिलिटर पाणी, ५० ग्रॅम गूळ. पाव हिस्सा पीठ मागे ठेवून मळताना लागेल तसं घालायचं. गोळ्या हरभऱ्यापेक्षा मोठ्या करू नका, शिजल्यावर फुगतात आणि जाड स्ट्रॉमध्येसुद्धा अडकतात. लेखात मात्र वाटीच राहील. माझी आई वाटीने करायची आणि तिचं कधी काही बिघडलं नाही. तिने बबल टी केला नाही, ते जाऊ द्या.

लेखात 'गरम' खोडून 'खळखळ उकळतं' केलं आहे. तुमच्या प्रतिक्रियेमुळे नाही, ते मी तसंही करणारच होते.