मुलाखतीच्या नावाखाली फुकटची योजना

आज दुपारी भाचीने तिला आलेला एक मेल मला वाचायला पाठवला आणि तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे. एका मोठ्या मनोरंजन कंपनीत मार्केटिंगच्या कनिष्ठ पदासाठी तिची पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीआधी तिने एका आगामी मराठी चित्रपटाची संपूर्ण प्रसिद्धी योजना करून द्यायची आहे: ट्रेलर कधी आणायचा, गाणी कोणत्या क्रमाने सोडायची, कोणत्या जिल्ह्यात किती खर्च करायचा, रील्ससाठी कोणाला घ्यायचे, आणि वर पोस्टरची कच्ची रेखाटनेही! मोबदल्याचा अर्थातच उल्लेख नाही.

अशाच एका कंपनीत, नाव घेत नाही, मीही अशीच योजना घेऊन मुलाखतीला गेले होते. मराठी प्रेक्षक तिकीट काढून चित्रपट पाहतो का, असा प्रश्न एकाने हिंदीतून विचारला. ‘सैराट’ने २०१६ मध्येच शंभर कोटींचा टप्पा ओलांडला होता, हे या गृहस्थांना मी सांगायचे? तरी शांतपणे सांगितले. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका नटूनथटून घोळक्याने गेल्या होत्या, म्हणून नव्या चित्रपटासाठी महिला मंडळे, भिशीचे गट आणि बचत गट यांच्याशी आधीच बोलून दुपारच्या खेळांची एकगठ्ठा तिकिटे विकावीत, अशी माझी मांडणी होती. तोवर मोबाईलमध्ये डोके घातलेले ते गृहस्थ एकदम सावरून बसले आणि लिहून घेऊ लागले.

कामाचा नमुना पाहिल्याशिवाय माणूस कसा निवडायचा, हा कंपन्यांचा प्रश्न रास्त आहे, मान्य. पण नमुनाच हवा असेल तर येऊन गेलेल्या चित्रपटावर विचारा. तो का चालला, का पडला, तुम्ही काय वेगळे केले असते? उमेदवाराची कुवत त्यातूनही कळते. आगामी चित्रपटाचीच योजना हवी, म्हणजे तुम्हाला माणूस नको, योजना हवी आहे. मला तर मुलाखतीनंतर निरोप आला की पीडीएफ चालणार नाही, बदल करता येईल अशी फाईल पाठवा. नोकरीबद्दल मात्र आजतागायत होकार नाही की नकार नाही.

एकगठ्ठा तिकिटांची कल्पना काही माझ्या मालकीची नव्हे, हेही खरे. पण जिल्हावार खर्चाचे कोष्टक मी रात्री जागून केले होते.

या मुलांनी ‘नाही’ तरी कसे म्हणावे? नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील माध्यम व्यवसाय एकत्र आले (माझी मुलाखत झाली ती कंपनी वेगळी). दोन मोठ्या कंपन्यांची एक झाली की दार ठोठवायला एक जागा कमीच होते. मेल पाठवणारी एचआरमधली मुलगीही भाचीच्याच वयाची असणार, आणि तो मजकूर तिला वरून कोणीतरी दिलेला असणार. तिच्यावर रागावून काय उपयोग?

भाचीला म्हटले, दोनच पाने दे, आकडे देऊ नकोस, आणि उरलेले मुलाखतीत तोंडी सांगते म्हणून कळव. ती म्हणाली, “मावशी, बाकीचे सगळे वीस-वीस स्लाइड देणार आहेत गं.” तिने ऐकले तर उत्तम, नाहीतर रविवारी तिच्याबरोबर बसून सातारा-कोल्हापूरचा खर्च मीच मांडून देणार आहे.