कार्डाची कोरी बाजू

डिसेंबर लागला की पोस्टमनच्या वेळेला मी दाराशी घुटमळते. दूर राहणाऱ्या चार-पाच मित्रमैत्रिणींशी ख्रिसमस कार्डांची देवाणघेवाण कित्येक वर्षं चालू आहे. फोन हाताशी असूनही आम्ही ती सोडलेली नाही.

गंमत म्हणजे, पहिलं छापील ख्रिसमस कार्ड निघालं ते वेळ वाचवायला! ब्रिटनमध्ये १८४० पासून एका पेनीत देशभर कुठंही पत्र जाऊ लागलं. ही सोय व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत हेन्री कोल होते. १८४३च्या नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायला त्यांनाच सवड होईना. मग त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून कार्डासाठी चित्र करून घेतलं. मधे जेवणाच्या टेबलाशी जमलेलं कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देणारी माणसं. हजारेक प्रती छापून हातानं रंगवल्या. नाव लिहायला तेवढी जागा कोरी. एका कार्डाची किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स. एका पत्राच्या टपालखर्चाच्या बारापट!

आज वेळ वाचवायला मेसेज आहे. एकच शुभेच्छा पन्नास जणांना जाते, मलाही येते, आणि ती कुणाची होती ते संध्याकाळी आठवत नाही. कार्डाचं तसं होत नाही. ते निवडताना, पत्ता लिहिताना, तिकीट लावताना तेवढा वेळ एकच माणूस डोळ्यांसमोर असतो. मला तर हाच खरा आनंद वाटतो, कार्ड मिळण्याहूनही मोठा.

म्हणून माझं ठाम मत आहे, की छापील ओळींखाली नुसती सही करून कार्ड पाठवू नये. कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहावं. मुलाची परीक्षा, गच्चीवरचा मोगरा, काहीही चालेल. चित्र साधं असलं तरी चालतं.

माझ्या एका मैत्रिणीच्या ‘ळ’ला शाळेपासून एक जास्तीची गाठ असते. पाकीट उघडायच्या आधीच त्या गाठीवरून मी तिला ओळखते. गेल्या वर्षी तिनं लिहिलं होतं, ‘पाय दुखतो, जिना चढवत नाही, पण कार्ड टाकायला मीच गेले.’ ते वाचून मी कितीतरी वेळ पाकीट हातात धरून बसले होते.

यंदा तिचं कार्ड मी नोव्हेंबरातच लिहायला घेतलंय. कोरी बाजू भरत आली, आणि पायाचं विचारायचं अजून राहिलंय. आता कडेनं, आडवं लिहिते.