‘लाखभरात जुनी पिकअप नवीकोरी’: हा हिशेब कुठे चुकतो

सध्या एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतोय, कधी नुसता, कधी व्हिडिओसोबत. आशय असा: महिंद्राची जुनी पिकअप, एफसी 150 किंवा जीपच्या घराण्यातली कुठलीही हौदेवाली गाडी, भंगाराच्या भावात उचला. कागदांचं नंतर बघता येतं. अंगणात उभी करा, पत्र्याला लांबी (पुट्टी) भरा, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारा, जुनं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवा. महिन्याभरात, लाखभर रुपयांत गाडी नवी. पन्नाशी उलटलेली असेल तर व्हिंटेज नंबर मिळतो, आणि मग विकताना पाचपट पैसे.

या गाड्यांवर माझा जीव आहे, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितोय. घरच्या घरी, बेताच्या पैशात जुनी पिकअप उभी करता येते. ती करणारी माणसं गावोगाव आहेत. पण या मजकुरात जिथे पैसे वाचवायला सांगितलेत तिथे ते वाचत नाहीत, आणि जिथे खरोखर वाचतात त्या जागांचा त्यात उल्लेखही नाही.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महिंद्राने 1949 मध्ये मुंबईत माझगावला अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. 1965 मध्ये एफसी 150 आली. चपट्या तोंडाची, इंजिन केबिनच्या आत दोन सीटांच्या मधे, मागे हौदा आणि फाळका. इंजिन जीपचंच: चार सिलिंडर, 2.2 लिटर पेट्रोल, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये.

आता एकेक मुद्दा.

‘गाडी आधी घ्या, कागदांचं नंतर बघू.’ सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच आहे. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 39 तेवढंच सांगतं. म्हणून सौदा ठरण्याआधी चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, कोरलेला नंबर शोधायचा. चिखल-ग्रीस खरवडायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवायची आणि उमटलेले आकडे आरसी बुकाशी एकेक करून ताडून बघायचे. एक आकडा जुळला नाही तरी मागे फिरायचं. आरसी जुनी, पुस्तकाच्या रूपातली असेल तर तिची नोंद आरटीओच्या ‘वाहन’ प्रणालीत चढली आहे का, हेही पाहायचं. चढलेली नसेल तर आधी ती बॅकलॉग नोंद (जुन्या कागदावरची माहिती प्रणालीत चढवणं) करून घ्यावी लागते, त्याशिवाय पुढचं कुठलंच काम हलत नाही. मूळ मालक हयात नसेल तर गाडी आधी फॉर्म 31 ने वारसाच्या नावावर, मग फॉर्म 29 आणि 30 ने तुमच्या. बँकेचा बोजा चाळीस वर्षांपूर्वीचा असला तरी तो उतरवल्याचा कागद लागतोच. हे सगळं विकणाऱ्याने करून द्यायचं असतं आणि पैसे हातात पडल्यावर कोणी करून देत नाही. नोंदणी रद्द झालेली गाडी फुकट मिळाली तरी ती फक्त सुट्या भागांसाठी घ्यावी.

याच मुद्द्याच्या पोटात दुसरा एक गैरसमज आहे: ‘15 वर्षं झालेली गाडी कायद्याने भंगारातच जाते, म्हणून लोक मातीमोल विकतात.’ महाराष्ट्रात खाजगी गाडीला असं बंधन नाही. 15 वर्षांनी तपासणी होते आणि नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. वयावरून बंदीचा प्रश्न दिल्ली परिसरातला आहे. 2023 पासून 15 वर्षांवरच्या गाड्या मोडीत काढण्याची सक्ती आली ती सरकारी गाड्यांना. मात्र फी वाढली आहे. 20 वर्षांपुढच्या हलक्या चारचाकीच्या नूतनीकरणाला ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये पडतात आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. त्या लाखातला एक मोठा तुकडा पाना हातात धरण्याआधीच संपतो, आणि हा खर्च त्या मजकुरात कुठेच धरलेला नाही. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर तिला दर वर्षी फिटनेस लागतं, हेही विसरू नका.

‘डिझेल इंजिन बसवा आणि व्हिंटेज नंबर घ्या.’ ही दोन वाक्यं एकमेकांना मारक आहेत. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. त्यात गाडी 50 वर्षांवरची हवी, आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न होता ती मूळ रूपात असायला हवी. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढे नूतनीकरणाचे 5,000. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, अभ्यास आणि त्यासाठी लागणारं पेट्रोल भरणं, देखभाल, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. म्हणजे मूळ इंजिन काढलंत की व्हिंटेजचा दरवाजा तुम्ही स्वतःच लावून घेतलात. शिवाय इंजिन बदलायला कलम 52 खाली आरटीओची परवानगी लागते. ती न घेता बदललेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्या इंजिनावर ठेवते.

तरीही लोक इंजिन काढायला धावतात, कारण ‘जुनं पेट्रोल इंजिन संपलेलंच असतं’ असं ठासून सांगितलं जातं. संपलंय की नाही ते मोजता येतं. स्पार्क प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्टार्टर फिरवा, चारही सिलिंडरचे आकडे लिहून ठेवा. एखादा फार खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलंय. नाही चढला तर दोष बहुतेक व्हॉल्व्हचा, आणि व्हॉल्व्हच्या कामाला अख्खं इंजिन उतरवावं लागत नाही. चारही आकडे चांगले आणि एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन उघडूच नका. खरी बचत ही आहे. इग्निशनचे पॉइंट घासून गॅप लावला, कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, टाकीतला गाळ काढला, की ‘मेलेली’ म्हणून विकलेली कितीतरी इंजिनं बोलायला लागतात. टाकी धुतल्यावरही तिच्याजवळ वेल्डिंग मात्र नको. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते.

इथे आजचा एक प्रश्न आहे, ज्याबद्दल कुणीच बोलत नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साठ-सत्तरच्या दशकातले रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरमधले कॉर्कचे भाग इथेनॉलसाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, तडकतात, आणि एफसीत इंजिन केबिनच्या आत असल्याने गळणारं पेट्रोल तुमच्या मांडीशेजारी गळतं. इथेनॉलला चालणारे पाइप आणि डायफ्रॅम बसवणं हे रंगाच्या कितीतरी आधीचं काम आहे, आणि ते स्वस्तही आहे.

बोअर खरंच गेलं असेल तरी घाबरायचं कारण नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग करणारे पिढीजात कारागीर आहेत. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, या बाजारांत जीपचे भाग मागितले की दुकानदार आधी मॉडेल विचारतो, हसत नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जीपवर अख्खं गाव चालतं. मजुरी वाचवायची असेल तर सुटं करणं, धुणं, मोजणं, परत जोडणं हे घरी करा आणि लेथचं काम लेथवाल्याला द्या.

‘लांबी भरली की गंज दिसत नाही.’ दिसत नाही हे खरं. पण लांबीच्या मागे ओल साचते आणि पत्रा आतून खात राहतो, दोन पावसाळ्यांत फुगा येऊन पापुद्रा सुटतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, हा सल्ला देणारे चॅसीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. गाडी उभी आहे ती चॅसीवर. छोटी हातोडी घ्या आणि पुढच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपासून मागच्या आडव्या पट्टीपर्यंत इंचाइंचाने ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. कुजलेलं भद्द वाजतं, आणि तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं की आत जातं. बॉडीचे बोल्ट बसतात त्या जागा, पाट्यांचे हँगर आणि जिथे चिखल अडकून राहतो ते कोपरे नीट बघा. कोकणातली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या. चॅसीला जोड द्यायची वेळ आली तर ते काम जाणत्या वेल्डरचं आहे. तिथे शिकायला बसू नका.

पत्र्याच्या लहान भागांचा गंज मात्र घरी फार स्वस्तात निघतो. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला आणि साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला जोडून रात्रभर ठेवा. सकाळी गंज काळ्या गाळासारखा पुसून निघतो आणि चांगलं लोखंड शाबूत राहतं. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील अजिबात लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठही नको, त्याने क्लोरीन निघतो. पिंप उघड्यावर ठेवा, कारण यात हायड्रोजन तयार होतो.

‘पीयू रंग घरीच मारा, गॅरेजचे पैसे वाचतात.’ हे वाचून मला खरोखर राग येतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. स्प्रेची धुंद छातीत गेली की दमा लागू शकतो, तो कायमचा असू शकतो, आणि नाकाला वास येऊन सावध व्हायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क इथे काहीच कामाचा नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. अंगणात स्प्रे म्हणजे शेजारच्या घरातली मुलंही तीच हवा घेणार. जुना रंग घासतानाही तीच काळजी हवी. त्या काळच्या रंगात, प्रायमरमध्ये शिसं असायचं, म्हणून कोरडं घासू नका, पाणी घेऊन वॉटर पेपरने घासा आणि तो गाळ गोळा करा. घरी रंगच द्यायचा असेल तर सिंथेटिक इनॅमल ब्रशने किंवा रोलरने पातळ हातांत द्या. दोन हातांच्या मधे हलकं घासलं तर ते छान बसतं. या गाड्या आरशासारख्या चकचकीत कधीच नव्हत्या. कामाच्या गाड्या होत्या, त्यांना तोच रंग शोभतो.

आता जे त्या मजकुरात मुळीच नाही ते: ब्रेक. चारही चाकांना ड्रम आणि जुन्या गाड्यांत सगळ्यांना मिळून ब्रेक तेलाचं एकच सर्किट. एक व्हील सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होज हे सगळं नवं किंवा पूर्ण दुरुस्त झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नेऊ नका. तेल ब्रेकचंच टाका. हायड्रॉलिक ऑइल टाकलं तर रबर फुगून ब्रेक जाम होतात. ब्रेकच्या जुन्या लायनरची धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

हँडब्रेकचं एक नीट समजून घ्या. जीपच्या या घराण्यात तो चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो. तुम्ही हँडब्रेक ओढून मागचं एक चाक जॅकने उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाकही सुटतं. गाडी जॅकवरून घसरते, आणि तुम्ही तिच्या खाली असता. म्हणून आधी बाकीच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, मग जॅक, मग घोडी (जॅक स्टँड). नट खोलतानाही बघा: विलिस पद्धतीच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. पान्याला लांब पाइप लावून चुकीच्या बाजूला जोर दिला की स्टड तुटतात.

टायरचंही तसंच. 6.00-16 हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही येतं आणि तो टायर स्वस्त पडतो, म्हणून तो बसवलेला हमखास दिसतो. त्याच्या कडेला ए6 किंवा ए8 लिहिलेलं असतं. ए6 म्हणजे ताशी 30 किलोमीटर, ए8 म्हणजे 40. ती गाडी महामार्गावर 60 ने हाकणं म्हणजे टायर कधी फुटेल याची वाट बघणं.

राहिला ‘महिन्याभरात पूर्ण, पाचपट नफा’. सुटा भाग यायला आठवडे जातात, लेथवाल्याकडे रांग असते, पावसाळ्यात रंग बसत नाही. घाई केली की ब्रेक, पाइप, चॅसी हीच कामं राहून जातात, कारण ती फोटोत दिसत नाहीत. आणि जुन्या पिकअपसाठी खरोखर पैसे मोजणारा माणूस रंगाकडे शेवटी बघतो. तो येतो तो टॉर्च घेऊन, चॅसीखाली आडवा होतो, नंबर वाचतो आणि इंजिन मूळचं आहे का ते विचारतो. विकायच्या हेतूने गाडी घेणार असाल तर त्याच्या याच प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे खरेदीच्या दिवशीच असायला हवीत. स्वतःसाठी ठेवणार असाल तर खर्चाचा क्रम असा धरा: कागद, चॅसी, ब्रेक आणि टायर, पेट्रोलची लाइन, वायरिंग, इंजिन. रंग यानंतर, पैसे उरतील तेव्हा.