सँडविचचा हिशेब

आज सकाळी तो वार्षिक डिस्क्लोजर फॉर्म पुन्हा मेलमध्ये येऊन पडलाय. "गेल्या वर्षभरात एखाद्या कंपनीकडून पैसे, भेटवस्तू किंवा जेवण घेतलंत का?" या वर्षी नाही, पण पूर्वी घेतलं होतं की, एकदाच. चीजचं सँडविच. शाकाहारी तेवढंच उरलं होतं.

इथे अमेरिकेत एका मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये माझी नोकरी. काही वर्षांपूर्वी डीप फ्रीझर विकणारा सेल्समन आला आणि आम्हा पाच जणांना जेवण देऊन गेला. आठवड्याभरात मला बोलावणं. दोन तासांचं ट्रेनिंग पुन्हा करा, वर लेखी समज. फ्रीझर घ्यायचा की नाही हे ठरवणारी मी कोण, हे कुणी विचारलंही नाही. त्याच वर्षी आमचे डीन एका औषध कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. त्याचं काय? कॉलेजच्या पत्रिकेत फोटोसकट अभिनंदन!

हे आमच्याच कॉलेजापुरतं असतं तर गप्प बसले असते. २०१४ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं, बड्या औषध कंपन्यांपैकी सुमारे ४० टक्के कंपन्यांच्या बोर्डावर मेडिकल कॉलेज नाहीतर त्यांच्या हॉस्पिटलचा कुणी ना कुणी वरिष्ठ होता. मानधन सरासरी वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर. किती सँडविचं झाली, करा हिशेब. संचालकाने कायद्याने भागधारकांचं हित बघायचं, डीनने पेशंट आणि विद्यार्थ्यांचं. औषध महाग झालं की एकाला आनंद, दुसऱ्याला काळजी. एकाच खुर्चीत बसून दोन्ही कसं जमतं हो?

आणि न्यूयॉर्कचं स्लोन केटरिंग हॉस्पिटल विसरलात? कॅन्सर म्हटलं की जगभरातून लोक तिकडे धावतात. २०१८ मध्ये तिथल्या चीफ मेडिकल ऑफिसरला, होसे बासेल्गांना, राजीनामा द्यावा लागला. कंपन्यांकडून लाखो डॉलर मिळालेले आणि कितीतरी शोधनिबंधांत त्याचा उल्लेखच नाही. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीच्या बोर्डावरही होतेच. मग शिक्षा काय? पुढच्याच वर्षी अ‍ॅस्ट्राझेनेकात मोठं पद. मला मात्र लेखी समज!

असो. बासेल्गा आता हयात नाहीत आणि कॅन्सर संशोधनातलं त्यांचं काम खरंच मोठं होतं. बोर्डावर औषधातलं कळणारा माणूस हवा, हेही मान्य. मग निवृत्त झालेला घ्या ना. त्या गोंधळानंतर स्लोन केटरिंगने वरिष्ठांना औषध आणि आरोग्य क्षेत्रातल्या नफेवाल्या कंपन्यांच्या बोर्डावर बसायला बंदी केलीच की. म्हणजे जमतं. बॉस्टनच्या मास जनरल आणि ब्रिगहॅम हॉस्पिटलवाल्यांनी २०१० मध्ये आपल्या वरिष्ठांना मर्यादा घातली होती : कंपनीच्या बोर्डावरच्या कामाचे दिवसाला ५,००० डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. मर्यादा म्हणे! आमची मर्यादा सँडविचच्या अलीकडे संपते.

एवढं तावातावाने लिहिलं खरं, पण आमचे डीन वाईट नाहीत. आई आयसीयूत होती तेव्हा माझी सुट्टी संपली होती. यांनी एका फोनवर काम केलं. ग्रीनकार्डासाठीचं पत्रही त्यांच्याच सहीचं. म्हणूनच ही पोस्ट मी इतकी वर्षं लिहिली नाही, आणि आजही त्यांचं नाव लिहिणार नाही.

फॉर्म अजून उघडाच आहे. "तुमच्या निर्णयावर परिणाम होईल असे कोणाशी संबंध?" या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं होतं. ते खोडून आता दहा मिनिटं झाली.